स्टार्टर कोणाकडे गेले?

आमच्या धंद्यात किस्से शोधायला जावं लागत नाही, गिऱ्हाइकाच्या गेटवरच सुरू होतात! जुन्या कॉम्प्युटरात अडकलेला कंपन्यांचा डेटा बाहेर काढायचा आणि कोणालाही पटकन सापडेल असा करून द्यायचा, हे मनीषनगरच्या आमच्या ऑफिसचं काम. ऑफिस म्हणजे मी आणि वैशाली. लोक हे किस्से ऐकून हसतात. माझं मात्र अजून डोकं फिरतं.

गिऱ्हाईक होतं मोटरपंपाचे स्टार्टर बनवणारं. एका लॉटमधल्या स्टार्टरच्या डब्यात करंट उतरत होता. नरखेडकडे संत्र्याच्या बागेत एक जण शॉक लागून फेकला गेला, थोडक्यात वाचला. त्या लॉटचे बाकीचे स्टार्टर कोणाकडे गेले, हे फक्त काळ्या स्क्रीनच्या जुन्या प्रोग्रामला माहीत.

"डेटा आजच काढू द्या," मी मालकांना म्हटलं.

शेठ म्हणाले, "चालून राहिलं ना ते? मंग हात काहून लावता!"

*

कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली अकाउंट्सच्या ठवकर काकांकडे.

"आज अमावास्या आहे. मशीन खोलत नसतात."

"काका, अमावास्येला शेतातली मोटर बंद असते का?"

"तुमी लय बोलता बाप्पा!"

*

दुसऱ्या दिवशी खोली उघडली, तर एंटर दबेना! दर दसऱ्याला कीबोर्डवर हळद-कुंकू वाहायची पद्धत. सगळं आत जाऊन घट्ट बसलेलं. वैशालीनं धावत जाऊन नवा कीबोर्ड आणला.

काकांनी तो बाजूला सारला. "याची पूजा कुठं झाली?"

*

चालू वर्ष टाकलं की तो प्रोग्राम बंद पडायचा. मग काय, दर जानेवारीत कॉम्प्युटरचं घड्याळ मागे! बिलावरची तारीख नंतर पेनानं खोडून दुरुस्त करायची. म्हणजे तारखेवरून लॉट शोधायची सोयच संपली.

"आमाले समजते ना! तुमाले कायचा त्रास?" काका म्हणाले.

*

शेवटी बिलांच्या नंबरावरून नावं जुळवून मोबाईलवर दिसतील अशी करायला घेतली. काका आमच्यामागे येऊन उभे राहिले.

"सगळ्याईले मोबाईलवर दिसलं, तर मले कोण विचारन?"

चीड आली हो! तिकडे लोक ओल्या हातानं बटण दाबत होते, आणि इकडे ह्यांना मान हवा होता.

*

शनिवारी दुपारी काम झालं. शेठच्या केबिनमध्ये वैशालीनं त्यांच्याच मोबाईलवर लॉट नंबर टाकला. भराभर नावं आली, गावं आली, फोन नंबरही आले. शेठ चहाचे घोट घेत एक एक नाव वाचत होते. वाचता वाचता बोट थांबलं. त्यांच्या वडिलांचं नाव होतं.

चहा टेबलावर सांडला. त्यांनी लगेच फोन लावला.

"बाबा, मोटरीले हात लावू नका! कोणालेच लावू देऊ नका! मी निघून राहिलो!"

चप्पल न घालताच ते गाडीकडे पळाले. वैशाली मागे धावली. "शेठ, बाकीच्यांना फोन करायचे ना?"

शेठनी काच खाली केली.

"आज हाफ डे आहे ना, म्याडम! त्याईचं सोमवारी पाहू."