हाताशी ठेवलेला डबा

जुना रेडिओ उघडून डाग द्यायला बसलो की सोल्डरिंगच्या राळेचा वास घरभर होतो. बायको खिडकी उघडते आणि मला मात्र उदगीरचं अप्पांचं रेडिओच्या पार्टचं दुकान आठवतं. आता तिथं मोबाइलची कव्हरं लटकतात.

रेडिओ दुरुस्तीचा माझा नाद अप्पांच्या दुकानावरच पोसला. ट्रान्झिस्टरसारखा इवलासा पार्टही देण्याआधी ते मीटरवर तपासायचे, मग कागदाच्या पुडीत बांधून द्यायचे. पुढं मला फोनवरून पार्ट मागवायची सवय लागली. बऱ्याच महिन्यांनी बाजारात गेलो, तर अप्पांनी लांबूनच हाक मारली.

“सर, लई दिस झाले. तब्येत बरी हाय ना?”

“शाळेतून सवडच होत नाही, अप्पा.”

“हाव, तेबी खरंच.” त्यांनी फडक्यानं पुसून एक डबा उघडला. “तुमचे हे ट्रान्झिस्टर आता दुसरं कुणी नेत न्हाई. हैदराबादवाला सुटे देईना, मग डबाच आणला. म्हणलं, सर येतेत की.”

माझ्या पिशवीत त्याच ट्रान्झिस्टरचं कुरिअरनं आलेलं पाकीट होतं. तरी मी दोन घेतले. त्यांनी दोन्ही तपासले, पुडी बांधली.

“पुढच्या महिन्यात येतो,” मी म्हणालो.

दोन घेऊन अप्पांचं मन राखलं, असं तेव्हा वाटलं. पुन्हा त्या दुकानाच्या पायऱ्या मी चढलो नाही. पण त्या दिवशी उतरताना एकदा वळून पाहिलं होतं. बाकीचे डबे वर फळीवर होते. माझा डबा अप्पांनी काउंटरवरच, हाताशी येईल असा ठेवला होता.