हक्कसोडपत्रावरचं दुसरं नाव

वडील हयात असताना मृत्युपत्राचा विषय मी एकदाच काढला होता. "मला घालवायला निघालीस व्हय?" म्हणाले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. एमआयडीसीत टॉवेल विणून त्यांनी आजोबांच्या घरावर मजला चढवला, पण एक ओळ लिहून ठेवली नाही. ते गेले आणि घर तिघांचं झालं: आईचं, धाकट्या भावाचं आणि माझं.

अशा वेळी काय करायचं ते आमच्याकडे ठरलेलं असतं. बहीण हक्कसोडपत्रावर सही करते, भाऊ तिला साडी घेतो, दुपारी पुरणपोळी होते, विषय मिटतो. मी शाळेत शिकवते, पोरांना प्रश्न दोनदा वाचायला लावते. इथं मात्र "आण कागद, करते सही" असं फोनवर सांगून मोकळी झाले. साडीचा रंगसुद्धा मीच सांगितला.

त्या दिवशी सकाळी माहेरी पोचले तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आत भावजय भाजी चिरत होती.

"च्या टाकू का गं?" आईनं विचारलं.

"टाका की, आई," भावजय म्हणाली.

सासू-सुनेचं किती छान चाललंय, असं वाटून मला बरंच वाटलं.

सात रस्ता चौकाजवळ दस्त लिहून देणाऱ्याच्या टेबलाशी आई, भाऊ आणि मी बसलो. आधी इथं सह्या करायच्या, मग निबंधकाकडे जायचं, असं ठरलं होतं. त्यानं पानं सरकवली, मी भराभर सह्या ठोकल्या.

"आता आजींचा अंगठा," तो म्हणाला.

मला वाटलं, साक्षीदार म्हणून असेल. मीच आईचा हात धरला, अंगठा निळ्या पॅडवर दाबला. "काही नाही गं, नुसता कागद आहे," असं वर म्हणालेही. अंगठा नेमका कुठे टेकवायचा ते बघायला मी पहिल्यांदाच त्या पानाकडे नीट पाहिलं. हक्क सोडून देणार, असं लिहिलं होतं. एक, माझं नाव. दोन, आईचं.

मी तिचा हात झटक्यात मागे ओढला. ज्या घरात ती सून म्हणून आली, जिथं आम्हा दोघांना वाढवलं, त्या घरावरचा तिचा हक्क मी माझ्या हातानं काढून घ्यायला निघाले होते. तेही साडी ठरवून.

"आईचं नाव कशाला?" मी विचारलं. आवाज चढला होता.

"एकदमच करत्यात की सगळे, मॅडम. मुलगा सांभाळतोयच ना आईला," तो शांतपणे म्हणाला. त्याच्यासाठी हे रोजचंच होतं.

भावानं पान ओढून घेतलं. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला. आठवडाभर हा मसुदा त्याच्या गाडीच्या डिकीत पडून होता. "मी वाचलंच न्हाई गं ताई," तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता, आणि त्याचाच मला जास्त धक्का बसला. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं, तरी पॅड उघडून तयार होतं.

"मला ठावं हुतं की," आई म्हणाली.

भावानं हातातलं पान टेबलावर ठेवलं.

"तुज्या आजीचा अंगठा मीच धरला हुता. आसाच. काय न्हाय म्हनलं, नुस्ता कागद हाय." ती पदराला अंगठा पुसत होती, शाई निघत नव्हती. "त्या दिसापास्नं म्हातारी मला इचारून डब्यातली भाकरी घ्यायला लागली. सोताच्या चुलीम्होरं उबं ऱ्हाऊन इचारायची. मी कदी न्हाय म्हनले न्हाय. घ्या की, म्हनायची. लई गोड बोलायची मी."

"आई, मग तू बोलली का नाहीस?"

"ती तरी कुटं बोलली?"

भावानं माझ्या सह्यांसकट सगळी पानं फाडली. आज काहीच नको, म्हणाला. मला त्या क्षणी तो फार आवडला. रिक्षात मी आईचा हात धरून बसले. अजून काही बिघडलेलं नाही, असं मनाशी म्हणत होते.

घरी पुरण शिजल्याचा वास येत होता. आईनं चपला काढल्या, पाय धुतले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन थांबली. निळा अंगठा चौकटीवर होता.

"च्या टाकू का गं?"

"टाका की, आई," भावजय आतून गोड आवाजात म्हणाली.