टॉवेलखालचा भाव

मी गुरांच्या बाजारातला हेडी. जनावर घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा सौदा जुळवून द्यायचा, हा माझा धंदा. बापानं काही मागं ठेवलं नव्हतं. माणसांचा विश्वास मी स्वतः कमावला. तो एका टेपरेकॉर्डरनं घालवला, हा राग आजही गेलेला नाही.

नव्वदच्या दशकात कोल्हापुरातल्या एक संशोधक बाई गडहिंग्लजच्या बाजारात आल्या. त्यांनी माझी मुलाखत घेतली, मग सौदा चालू असताना टेप लावून उभ्या राहिल्या. आमच्यात भाव ठरतो तो टॉवेलखाली, एकमेकांची बोटं दाबून. वर तोंडानं 'शिंगं वाकडी, दूध पातळ' अशी जनावराला नावं ठेवायची, ती बघ्यांना खऱ्या भावाचा पत्ता लागू नये म्हणून. विकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. टेपात बोटं कुठून येणार? बाईंचा लेख पेपरात आला : 'पांढऱ्या मिशांचा हेडी जनावराची निंदा करून भाव पाडतो.' नाव नव्हतं, पण बाजारात पांढऱ्या मिशा एकट्या माझ्याच.

पुढच्या बाजारी ओळखीच्या शेतकऱ्यापुढं टॉवेल धरला, तर त्यानं हात मागं घेतला. "तुमचं छापून आलंय की! घरातली म्हणती, म्हशीला नावं ठेवणाऱ्याकडं जाऊ नगासा."

दुसऱ्या दिवशी मी कोल्हापुरात, बाईंच्या टेबलासमोर.

"बाई, खोटं लिवलंसा. वळखीचा शेतकरीबी आता टॉवेलाखाली हात घालंना."

"काका, टेपमध्ये आहे तेच लिहिलं. बोटांचं तुम्ही सांगितलं नाहीत."

"तुमी इचारलंसा कुठं?"

त्यांनी वही पुढं ओढली. "पुन्हा मुलाखत द्याल?"

"देतो की. पर छापायच्या आदी मला वाचून दावायचं."

"कबूल. पण त्या शेतकऱ्यालाही विचारीन. तुम्ही तिथं नसताना."

मी टेबलावर हात आपटला. बाई हलल्या नाहीत. हटून बसणाऱ्या माणसाची मला पारख आहे. मान डोलावली.

मग एके दिवशी शाहूपुरीतल्या चहाच्या दुकानात त्यांनी वाचून दाखवलं. माझं सगळं बरोबर उतरलं होतं. पुढं शेतकऱ्याचं होतं : 'हात खरा हाय त्येचा. पर म्हस घरच्या बाईनं वाढवल्याली असती. चारचौघांत तिला नावं ठेवली की बाईला लागतं.'

"ह्ये शेवटचं काढा."

"राहिलं तर तुमचं नि त्यांचं दोन्ही राहील. गेलं तर दोन्ही जाईल."

सौदा तुटेपर्यंत ताणायचा नसतो. "ऱ्हाऊ द्या," म्हणालो.

लेख छापून आला. तोच शेतकरी म्हैस घेऊन आला आणि आपणहून टॉवेलखाली हात घातला. बघे जमलेच होते. शिंगं वाकडी आहेत, हे मी मोठ्यानं सांगितलं. त्याची बायको शेजारी उभी होती, म्हणून दुधाबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही.