राखेनं घासलेल्या काचपट्ट्या

शेवगावातल्या एका कॉलेजात कडूबाई प्रयोगशाळेच्या काचपट्ट्या धुवायची. सुकन्या मॅडम सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टची एकच पेशी धरून दर दहा मिनिटांनी तिची वाढ मोजत. पण चार दिवस झाले, पेशी तसूभरही वाढेना. मॅडम रडकुंडीला आल्या.

कडूबाई हातातलं काम टाकून पुढं आली. साबण संपला म्हणून तिनं पट्ट्या घरच्या भांड्यांसारख्या चुलीतल्या राखेनं घासल्या होत्या. "मॅडम, माजंच चुकलं," तिनं कसंबसं सांगून टाकलं.

मॅडम चिडल्या नाहीत. त्यांनी राखेचा खार न लागलेल्या कोऱ्या पट्ट्या काढून नवी पेशी ठेवली. दुपारी पेशी वाढलेली दिसताच त्यांनी कडूबाईलाच भिंगाशी बसवलं. टम्म फुगलेल्या पेशीच्या कुशीला इवलासा फुगवटा आला होता.

चार लेकरांची आई असलेली कडूबाई भिंगावरून डोळा न काढताच म्हणाली, "अवो मॅडम, ही तर पोटुशी हाय!"