जेट्टी नंबर दोनवरचं नाव

फौज सोडल्यावर मी मीना अल-अहमदी या आखाती बंदरात, तेलाच्या जेट्टीवर सिक्युरिटी गार्ड झालो. पन्नासचं दशक संपत आलं होतं. आमचे सिक्युरिटी ऑफिसर निवृत्त इंग्रज मेजर होते. साम्राज्य संपलेलं नाही, लांब रजेवर गेलं आहे, असा त्यांचा समज असावा. दर शनिवारी ते आम्हाला उन्हात उभं करून बटणं तपासत. जेट्टीवर चोरण्यासारखं जे होतं ते पाइपातून जात असे. बटणांना धोका नव्हता.

माझ्याबरोबर दापोलीचा कासम असे, फौजेतला नाईक. मी हवालदार. ड्युटी सहा ते दोन.

एके दिवशी सकाळी दहा चाळीसला, शीड फाटल्यामुळे आमच्या जेट्टीला लागलेल्या खजुराच्या गलबतात करंड्यांमागे एक माणूस सापडला. मी अरबीत "कोण?" म्हणताच तो ताठ उभा राहिला आणि त्याने नंबर सांगितला. चार आकडी. मग ओशाळला.

कासमने पाणी दिलं. पाणी पिऊन त्याने आपलं पूर्ण नाव सांगितलं. फार दिवसांनी उच्चारत असावा, इतकं सावकाश.

तो भूगोलाचा मास्तर होता. त्याच्या देशात नवं सरकार आलं होतं आणि रेडिओवर रोज मुक्तीचा जयघोष चाले. मास्तरांनी वर्गात या मुक्तीबद्दल एक शंका काढली. ते आणि त्यांचा भाऊ, दोघेही दलदलीतल्या छावणीत गेले. तिथे कैदी पळाला तर त्याच्या घरचा जो हाती असेल त्याला गोळी घालत.

"मी कपडे कालव्याकाठी टाकून आलो," मास्तर म्हणाले. "बुडालो असं त्यांनी लिहिलंय. म्हणून भाऊ जिवंत आहे. बहीणही तिकडेच आहे. माझं नाव वर कळवू नका."

मी वायरलेस उचलला.

"कंट्रोल, जेट्टी टू. एक माणूस. बिनशस्त्र. ओव्हर."

"नाव? ओव्हर."

कासम पुटपुटला, "सांगू नको, भाय. मुका हाय म्हन."

"रिपोर्ट अर्धा देऊ?"

"रिपोर्ट घाल चुलीत. मेजर तुला मेडल देनार हाय काय?"

ब्रह्मदेशात आमच्या सेक्शनच्या एका जवानाचं नाव नोंदवायचं राहिलं होतं. वर्षभर तो ना जिवंतांत होता, ना मेलेल्यांत. नाव कागदावर असलं की माणसाला कुणी गायब करू शकत नाही, अशी माझी ठाम समजूत होती.

मी नाव सांगितलं. वडिलांचं नाव, गाव. दोनदा.

"रॉजर," कंट्रोल म्हणाला.

मास्तरांना इंग्रजी येत होतं. ते पुन्हा ताठ उभे राहिले.

कागद वर गेला, वरून आणखी वर. बाराव्या दिवशी त्यांच्या देशाचा एक अधिकारी इस्त्रीच्या सुटात आला. मेजरनी त्याला सॅल्यूट केला. नऊ वाजून दहा मिनिटांनी मास्तर त्या अधिकाऱ्याबरोबर जहाजावर चढले. वेळ मीच नोंदवली. शनिवारी मेजरनी माझा रिपोर्ट नमुना म्हणून परेडवर वाचून दाखवला.

हिवाळ्यात तेच गलबत पुन्हा दिसलं. कासमने नाखव्याला मास्तरांचं विचारलं. त्याने भावाच्या नावासकट सांगितलं. आधी भावाला गोळी घातली, मास्तरांना बघायला लावून. मग मास्तरांना.

ड्युटी दोनला संपली. खोलीवर येऊन आम्ही भात केला. त्या दिवसानंतर कासम मला कधी भाय म्हणाला नाही. हवालदार म्हणायचा.

माजी सैनिकांच्या सभेत लढाईत पडलेल्यांची नावं वाचतात. मी माझ्या सेक्शनची सात नावं देतो. आणखी दोन मला वडिलांच्या नावासकट पाठ आहेत. मास्तरांची बहीण तिकडेच आहे, म्हणून ती नावं इथेही लिहीत नाही.