कापसाचा अंगरखा

माझा थोरला भाऊ घोड्यावरून पडून मेला असता, तर आम्ही रडून मोकळे झालो असतो. पण तो गेला समुद्रात. पुण्यात समुद्र पाहिलाय कोणी? आमची मुठा कितीही फुगली तरी पलीकडचा काठ दिसतो. आरमाराला शिपाई हवेत असा हुकूम आला आणि जन्मभर मातीत वावरलेला दादा घाट उतरून गलबतावर चढला. मग त्याची काहीच खबर आली नाही.

खबर नव्हती, तरी तो दिसायचा मात्र सगळ्यांना. शेजारणीच्या दिराला तो जेजुरीच्या पायऱ्यांवर दिसला, अंगाला राख फासून बसलेला. कोणाला सासवडच्या वाटेवर दिसला. मलाही दिसायचा. बाजारात पुढे चालणारी एखादी पाठ हुबेहूब त्याची वाटायची, मी माणसं ढकलत पुढे जायचे आणि वळून पाहणारं तोंड भलत्याचंच निघायचं. वहिनीला तिन्हीसांजेला अंगणात पावलं वाजलेली ऐकू यायची. उंबऱ्यावर ओल आहे, असं ती म्हणायची. मी तिला वेड्यात काढायचे आणि मग गुपचूप उंबरा पुसून घ्यायचे.

आईला मात्र तो कुठेच दिसला नाही, कारण तिच्या मते तो मेलाच नव्हता. निघताना तिने त्याला कापूस भरलेला अंगरखा शिवून दिला होता. आमच्या घरचे पुरुष तसाच अंगरखा घालून लढाईला जात आले होते. त्यात तलवारीचं पातं अडकतं, गोळीचाही जोर मोडतो. दादासाठी आईने दुप्पट कापूस भरला आणि छातीशी तर इतका, की तो हसायला लागला. ही गादी घालून मी लढू का झोपू, असं त्याने विचारलं होतं. त्या अंगरख्यातून मरण आत शिरणार नाही, हे आईने मनात पक्कं धरलं होतं.

या सगळ्यात अडकली होती वहिनी. ऐन तारुण्यातली पोर. आमच्यात विधवेचा पाट लागतो, तिला दुसरा संसार मांडता येतो. तिचे वडील बिबवेवाडीहून यायचे आणि ओट्यावर मान खाली घालून बसायचे. त्यांच्या गावात एक बिजवर होता, शेती बरी, माणूस शांत. पण त्याआधी वहिनी विधवा ठरायला हवी होती. आई तिला कुंकू पुसू द्यायची नाही आणि वहिनी आईच्या शब्दाबाहेर जायची नाही. मला आईचा भयंकर राग यायचा. जित्या पोरीला वाटेवर उभी करून ठेवली आहेस, असं मी तिच्या तोंडावर म्हणाले. तिने मला सासरी जायला सांगितलं. सासर दोन आळ्या पलीकडेच असल्यामुळे दुसऱ्या दिवशी मी परत हजर होते.

शेवटी दादाचा माग काढायचं मीच मनावर घेतलं. कोकणातून मिठाचे बैल पेठेत यायचे, त्यांच्यामागच्या प्रत्येक माणसाला मी दादाबद्दल विचारायचे. एकाने सांगितलं, किल्ल्यावर तो खलाशांना कुस्तीचे डाव शिकवायचा. दुसरा म्हणाला, गलबत हललं की हा ओकायचा, तरी कधी मागे राहिला नाही. घरात मला कधी न कळलेला भाऊ असा तुकड्यातुकड्याने हाती येत होता. पुढे कळलं, की गोऱ्या टोपीकरांच्या जहाजाशी गाठ पडली आणि दादाचं गलबत पेटलं. त्यापुढचं कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या गलबतावरचा एक तरी माणूस पाठवा, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं.

एका उन्हाळ्यात तो खरंच आला. खलाशी होता, अर्ध्या चेहऱ्यावर भाजल्याचे व्रण. आई देवळात गेली होती. त्याने मला आणि वहिनीला सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर वहिनीने पहिली गोष्ट केली ती ही, की त्याच्यापुढे हात जोडले. सासूबाईंना हे सांगू नका, गोळी लागली म्हणून सांगा, अशी विनवणी केली.

आई आली. त्याने तसंच सांगितलं. गोळी कुठे लागली, असं आईने विचारलं. तो म्हणाला, छातीत. आई चक्क हसली. छातीशी किती कापूस आहे ते मला विचार, म्हणाली, आणि त्याला भाकरी वाढायला उठली. वहिनी खाली बघत राहिली. तिच्या कपाळावरचं कुंकू तसंच राहणार होतं आणि तरीही ती गप्प होती.

त्या माणसाला मात्र घास गिळवेना. ताट बाजूला सारून तो म्हणाला, "आई, गोळी नाही लागली. पाण्यात मी त्याला धरलं होतं. अंगरखा पाणी प्यायला. काढ म्हणालो, तर काढेना. मला तो पेलवला नाही, हातातून सुटला."

आईने ते मानलं नाही. कापूस फुंकरीने उडतो, तो माणूस कसा बुडवेल? हा पळपुटा आहे, असं ती तो गेल्यावर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातली सगळ्यात जाड गोधडी घेऊन ती मुठेवर निघाली. मी आणि वहिनी मागोमाग गेलो. गोधड्या आम्ही दर वर्षी तिथेच धुतो. ओली गोधडी एकीला उचलत नाही, दोघी दोन टोकांना लागतात, हे पेठेतली कुठलीही बाई सांगेल. आमच्या घरात तीन बाया होत्या आणि तिघींनाही ते सुचलं नव्हतं. आई कमरेइतक्या पाण्यात गेली आणि गोधडी तिने अंगाभोवती लपेटून घेतली. आधी ती तरंगली, फुगली. मग भिजली. आईने पाय उचलायचा प्रयत्न केला आणि ती खाली बसली. आम्ही दोघींनी ओढून तिला काठावर आणलं. ती कितीतरी वेळ धापा टाकत होती. मग तिने ओल्या तळव्याने वहिनीचं कुंकू पुसलं आणि तिच्या बापाला सांगावा धाडायला सांगितलं.

वहिनी रडू लागली. आईच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "त्यो काढेना, कारण मीच शपथ घातली व्हती. कायबी झालं तरी अंगातनं काढायचा न्हाई म्हनून."