मावशींचा दगडवाला

मावशी चित्राशी भांडायच्या. सगळ्या चित्रांशी नाही, एकाच. अमेरिकेत, फ्रीमाँटच्या घरून गाडी काढून शहरातल्या म्युझियममध्ये जायचं, वाटेतल्या दालनांकडे ढुंकूनही न बघता थेट त्या भिंतीपुढे उभं राहायचं आणि खणखणीत मराठीत सुरुवात करायची, "काय रे, अजून इथंच का?" पहिल्यांदा त्यांनी मला सोबत नेलं तेव्हा मी लाजून दुसरीकडे बघत राहिलो. तिथल्या गार्डला मात्र सवय झाली होती.

चित्र पाचशे वर्षांपूर्वीचं, इटलीतलं. संत जेरोम नावाचा ख्रिस्ती साधू रानात गुडघ्यांवर बसलाय. अंगावर लक्तरं, समोर क्रूस, हातात दगड. केल्या पापांच्या पश्चात्तापानं तो दगड स्वतःच्या छातीवर मारून घेतोय. शेजारी सिंह पहुडलाय आणि मोठ्या धर्माधिकाऱ्याची लाल टोपी जमिनीवर टाकून दिलेली. मावशी त्याला 'दगडवाला' म्हणायच्या. "छाती बडवून घ्यायला रान कशाला लागतं रे? घरात बसून बडव की! आणि ही टोपी. टाकलीस आणि मोकळा झालास. ती उचलली कुणी, झटकून ठेवली कुणी? त्या उचलणारीचं चित्र काढलं का कुणी?"

हे भांडण खरं कुणाशी होतं, ते आमच्या मराठी मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं. मी नागपूरहून वर्क व्हिसावर आलो आणि मावशींच्या टाउनहाउसमधल्या वरच्या खोलीत भाड्यानं राहू लागलो. त्याच्या वर्षभर आधी मावशींचे यजमान, काका, घर सोडून गेले होते. काका मोठे इंजिनियर. साठी उलटल्यावर त्यांना आयुष्य वाया घालवल्याचा पश्चात्ताप झाला आणि ते हिमालयातल्या एका आश्रमात जाऊन स्वामी झाले. मागे राहिली मावशींची पॅथॉलॉजिस्टची नोकरी, घराचे हप्ते आणि अंथरुणाला खिळलेली काकांची आई. मंडळातले लोक मावशींनाच सांगायचे, "केवढं वैराग्य! यू आर सो लकी, मावशी." हे ऐकून माझं डोकं फिरायचं. आजही फिरतं.

त्या चित्राची एक प्रत मावशींनी हॉलमध्ये लावली होती. एकदा काकांना मानणारं एक जोडपं घरी आलं. दाढीवाला, उघडाबंब म्हातारा आणि शेजारी वनराज बघून दोघांनी भक्तिभावानं हात जोडले, बाईंनी काचेला कुंकू लावलं आणि पुढ्यात पेढ्यांचा बॉक्स ठेवला. "कुठले महाराज, मावशी?"

"इटलीचे," मावशी म्हणाल्या. बॉक्स उचलून त्या आतल्या खोलीत गेल्या आणि अंथरुणावरच्या आजींना, काकांच्या आईला, पेढा कुस्करून भरवला.

आजी रोज संध्याकाळी विचारायच्या, "आला का गं?" त्यांचं अंग पुसता पुसता मावशी सांगायच्या, "येतोय, ट्रॅफिकमध्ये अडकलाय." आजी तेवढ्यावर झोपायच्या. आजी गेल्या तेव्हा मावशींनी आश्रमात फोन लावला. पलीकडून सांगण्यात आलं, स्वामीजी मौनात आहेत, निरोप देता येणार नाही. आई मेल्याचा निरोप देता येणार नाही! क्रिमेटोरियममधलं बटण शेवटी सुनेनं दाबलं. मंडळातले दहा-बारा लोक आले होते. त्यांतल्या एकानं तिथंही स्वामीजींच्या तपाचं कौतुक केलं.

दोन वर्षांनी काका अमेरिकेच्या दौऱ्यावर आले, भगव्या कपड्यांत, मागे शिष्य. मंडळानं एका शाळेचं सभागृह भाड्यानं घेतलं. पाद्यपूजा मावशींच्या हस्ते होणार, हे अध्यक्षांनी परस्पर ठरवूनही टाकलं. बायकोनं नवऱ्याचे पाय धुवायचे, त्यात विचारायचं काय, असा सगळा मामला.

स्टेजवर चांदीचं ताम्हन, पाण्याचा तांब्या, फुलं. काका पाय पुढे करून बसले. मावशी वर गेल्या. त्यांनी तांब्याला हात लावला नाही, माइक हातात घेतला.

"आई दोन वर्षं रोज विचारत होत्या, आला का म्हणून. मी खोटं बोलत राहिले," त्या म्हणाल्या. "त्यांचे पाय धुतले, सगळंच धुतलं. माझा कोटा संपला. तुमचे तुम्ही धुवा."

काका हसले. क्षमा केल्यासारखं, शांत, मोठ्या मनाचं ते हसू! त्या हसण्याचा मला जितका संताप आला तितका आयुष्यात कशाचाच आला नाही. अध्यक्ष धावले, "मावशी जरा अपसेट आहेत, प्लीज बसून घ्या," आणि त्यांनी स्वतःच्या बायकोला पुढे ढकललं. मी मावशींना घेऊन बाहेर पडलो. गाडीत त्या म्हणाल्या, "मला वाटलं होतं रडू येईल. भूक लागलीय रे. डोसा खाऊ या?"

त्यानंतर मंडळानं त्यांना हळदीकुंकवालाही बोलावलं नाही. मावशींना फरक पडला नाही असं मी म्हणणार नाही, पडला. त्यात कॅन्सर निघाला. स्वतःच्या गाठीची स्लाइड त्यांनी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बघितली आणि घरी येऊन मला म्हणाल्या, "मला अजून पाच वर्षं हवीयत. कशासाठी ते विचारू नकोस. कुणाचं काही करायचं नाहीये. माझी मला हवीयत." केमो घेताना त्या नर्सवर खेकसायच्या, माझ्यावर खेकसायच्या, पण एकही अपॉइंटमेंट त्यांनी चुकवली नाही.

त्यांना दीड वर्ष मिळालं.

मंडळानं शोकसभा घेतली, त्याच सभागृहात. निमंत्रणाच्या ईमेलमध्ये लिहिलं होतं, 'स्वामीजींच्या पूर्वाश्रमीच्या पत्नी.' तीस वर्षं डॉक्टरकी केलेल्या बाईचं नाव त्यात खालच्या ओळीत होतं. अध्यक्षांनी आश्रमातून आलेला संदेश वाचून दाखवला. "ती मुक्त झाली. शोक करू नये." समोरच्या रांगांमधल्या माना डोलल्या.

मी उभा राहिलो. "मुक्त नाही झाल्या," मी म्हणालो. "मेल्या."

"यार, प्लीज, नॉट हिअर," अध्यक्ष म्हणाले.

"मेल्या," मी पुन्हा म्हणालो. "आणि त्यांना जगायचं होतं."